सुमनताईंनी गोळ्या का सोडल्या

आज सकाळी आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या सुमनताई ओट्याजवळ चक्कर येऊन पडल्या. ऑटोने त्यांना सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं कळलं, त्यांना टीबी आहे आणि महिन्याभरापासून त्यांनी गोळ्या सोडल्यात.

मी चिडलेच. “फुकट भेटतेत ना गोळ्या? मंग काहून सोडल्या?”

त्या खाली मान घालून म्हणाल्या, “मॅडम, गोळ्यानं मळमळे. कामावर उलटी झाली असती, तं तुमाले आजार समजला असता. शेजारच्या भाऊले टीबी झाला, तवा त्याईनं चहा पेलेला कप तुम्ही कचऱ्यात टाकलता. म्या पाह्यलं होतं.”

मी शाळेत विज्ञान शिकवते हो, टीबी कपातून पसरत नाही हे मला ठाऊक होतं! डॉक्टरांसमोर मला मान वर करता येईना.

त्यांच्या गोळ्या आजपासून पुन्हा सुरू झाल्या. माफी मागायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तुमच्या घरी कामाला येणारी बाई आपला आजार तुम्हाला सांगू शकेल का?