रोझीमावशीचा आल्तार आणि माझा डावा हात

मी चौथी नापास. मी बोलतोय, पोरगी टाईप करतेय, म्हणजे चुका तिच्या. भूतबित मी कधी मानलं नाही... आलं तरी बसणार कुठं? जन्मभर लोकांचं फर्निचर पॉलिश केलं, घरात मात्र प्लास्टिकची स्टुलं.

नव्व्याण्णव साल असेल. पावसाळ्यात राजोडीहून गिऱ्हाइकाची खुर्ची सायकलला बांधून आणताना आपटलो. खुर्चीला ओरखडा नाही — माझं उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं, पण हात थरथरायला लागला. लाखेच्या पॉलिशला कापडाची गादी सलग फिरवावी लागते. अडखळली की चिकटते, खालचा थर उचलते. मेव्हण्याने नायगावला एका बिल्डिंगवर वॉचमनची नोकरी बघून ठेवली.

बायको म्हणाली, "घ्या. तिथं हात थरथरला तर काठी पडेल, एवढंच."

म्हटलं, हातातलं एक काम करून बघतो. नाहीच जमलं तर काठी.

काम रोझीमावशीचं. तिच्या घरातला आल्तार — आपला देव्हारा असतो तसा, पण दारं असलेला, सागवानी. तिच्या नवऱ्याने स्वतः केलेला. तो सुतार होता, मी वसईत यायच्या आधीच वारला. पुढे मुलाने त्यावर निळा ऑइलपेंट फासला.

"नाताळला माझ्या मान्साचं लाकूड दिसू दे," मावशी म्हणाली.

आल्तार ओटीवर काढून घेतला, दोन दिवस रंग खरवडला. मग पॉलिशचा हात मारला... सगळ्या लाटाच लाटा.

"राजोडीचा समुद्र काढलास काय रे?"

घासून काढलं, परत मारलं. परत समुद्र. तिसऱ्या दिवशी दुपारी मी ओटीवर बसून, लाज सोडून, आल्ताराला म्हटलं, "बाबा, तुझं काम बिघडवतोय मी. माफ कर." आणि गादी पॉलिशमध्ये बुडवली.

मी नेहमीसारखाच काम करत होतो. निदान मला तरी तसंच वाटलं. मावशी दारात वालाच्या शेंगा सोलत होती. एकदम थांबली.

"तू डावखुरा हाय?"

"नाय मावशी."

"मंग हे काय?"

खाली बघितलं. गादी डाव्या हातात! उजवा मांडीवर, झोपलेल्या मांजरासारखा. आणि आल्ताराच्या दारात माझं थोबाड दिसत होतं, आ वासलेलं... एवढी चकाकी मी हात धड असतानाही आणली नव्हती. गादी डाव्या हातात कधी घेतली, अजून आठवत नाही.

"थांबू नको, चिकटंल!" मावशी ओरडली. मग हळूच म्हणाली, "आमचा म्हातारा डावखुरा होता. असाच खालून वर फिरवायचा. तुला कोनी सांगितलं?"

"कुणीच नाय."

तिने कपाळावर, छातीवर क्रूस केला. "मंग चालू दे. त्याचं काम हाय, त्याला करू दे."

घाबरायला वेळच नव्हता... गादी चिकटली असती ना!

डॉक्टर म्हणाले, दुसऱ्या हाताला सवय होते. होत असेल. पण एका दुपारीत? आणि हा हात फक्त पॉलिशच करतो. चहा धरला तर शर्टावर, हातोडी धरली तर अंगठ्यावर. पण याच हातावर घर चाललं, पोरगी शिकली. मेव्हणा तेवढा अजून फुगलेला आहे.

मावशीही आता नाही. दर नाताळच्या आधी मी जाऊन आल्तारावर एक हात मारून येतो. शेवटी वाकून थँक्यू म्हणतो, दोनदा. एकदा मावशीच्या सुनेने विचारलं, "काका, दोनदा कशाला?"

म्हटलं, "तुमचा येशू पण सुतार, तुझा सासरा पण सुतार. कोण आलं होतं, मला काय माहीत!"