कपबशीला मत देऊ नका

मी आयुष्यात एकच निवडणूक लढवली. महापालिकेची, आणि तीही नवऱ्याच्या विरोधात. आमच्यात भांडण वगैरे काही नव्हतं. त्या दिवशी नळाला पाणी आलं होतं, एवढंच कारण.

आमच्या ह्यांचं मंडपाचं दुकान. शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं आणि छावणीपासून बजाजनगरपर्यंत कुठल्याही पक्षाची सभा असो, व्यासपीठ ह्यांनी बांधलेलं असायचं. गाद्या ह्यांच्या, खुर्च्या ह्यांच्या, पुढाऱ्यांना वारा घालणारे उभे पंखे ह्यांचे. सभा सुरू झाली की हे मात्र मागं, कनातीजवळ उभे. आपण मांडलेल्या खुर्चीवर एकदा तरी आपण बसावं, ही ह्यांची फार जुनी हौस. दर निवडणुकीला तिकिटासाठी खेटे घालायचे, दर वेळी "पुढच्या खेपेला नक्की" असं ऐकून परत यायचे आणि मग कितीतरी दिवस घरात कुणाशी धड बोलायचे नाहीत. भाजीत मीठ जास्त झालं तरी त्यात ह्यांना पक्षाचा हात दिसायचा. शेवटी वैतागून ह्यांनी अपक्ष उभं राहायचं ठरवलं. मीही देवाला हात जोडले. म्हटलं, एकदाचे निवडून येऊ देत, घर तरी शांत होईल.

अर्ज भरताना कुणीतरी ह्यांना शहाणपण शिकवलं. "भाऊ, एक डमी अर्ज भरून ठिवा. तुमचा छाननीत उडाला तर घरातलं कुणीतरी पाहिजे ना."

घरातलं कुणीतरी म्हणजे मी. मला नवी साडी नेसवून कचेरीत नेलं, दाखवतील तिथं सह्या करायला लावल्या आणि परत आणून घरी सोडलं. छाननीत ह्यांचा अर्ज टिकला. माझाही टिकला. आता माघारीच्या दिवशी दुपारी तीनच्या आत मी स्वतः जाऊन एक सही करायची, की माझं राजकारण संपलं.

"दुपारी रिक्षा पाठवतो. तयार राहा फक्त," हे सकाळी निघताना म्हणाले.

मी तयार होते. वेणीफणी झाली होती, पायात चप्पल सरकवायची तेवढी बाकी होती. आणि अंगणातला नळ खोकला.

आमच्या शहरात नळ खोकला की माणसं काय करतात, हे बाहेरच्यांना सांगून पटत नाही. लोक जेवणाच्या ताटावरून उठतात. पाहुण्यांना दारात तसंच सोडून मागच्या अंगणात पळतात. त्यातून त्या खेपेला मोठी पाइपलाइन कुठंतरी फुटली होती आणि आमची पाळी हुकून कितीतरी दिवस झाले होते. ड्रम कोरडे, हौद कोरडा. आमचं घर गल्लीच्या तोंडाशी, त्यामुळं पाणी पहिल्यांदा आमच्याकडं यायचं. मी गच्चीवर जाऊन स्टीलची परात बडवायची, म्हणजे सगळ्या गल्लीला कळायचं. आणि दुसरं काम म्हणजे पहारा. अलीकडच्या घरांनी मोटारी लावल्या की पाणी सगळं तेच ओढून घेणार आणि टोकाच्या घरांना नुसती हवा. म्हणून अगदी टोकाला एक म्हातारी राहायची, गल्ली तिला खाला म्हणायची, तिच्या घरी घागरी भरेपर्यंत मी कुणाला मोटार लावू द्यायची नाही. भांडायची, दारात जाऊन उभी राहायची, प्रसंगी बटण स्वतः बंद करायची. हे काम मला कुणी दिलं नव्हतं. पण मी गल्लीतून हलले की पाचव्या मिनिटाला मोटारी घुरघुरायला लागतात, हे सगळ्यांना माहीत होतं.

परात बडवून खाली आले तर दारात रिक्षा उभी. रिक्षावाला पलीकडच्याच गल्लीतला. माझा पदर खोचलेला बघून त्याचे डोळे मोठे झाले.

"भाभी, पानी आया क्या इधर?"

"हो, आत्ताच."

"मग आमच्याकडं बी आलंच असंल. भाभी, पाच मिनट हां," असं म्हणून त्यानं रिक्षा तशीच वळवली आणि घरी पाणी भरायला गेला. मला बरंच वाटलं. म्हटलं, तोवर माझंही होईल.

त्याची पाच मिनिटं आणि माझी पाच मिनिटं मिळून चार वाजले.

हे संध्याकाळी घरी आले ते चप्पल न काढताच. दिवसभर कचेरीच्या आवारात बसून ह्यांनी आणखी दोन अपक्षांची मनधरणी केली होती, चहापाणी केलं होतं, गळ्यात पडून त्यांना माघार घ्यायला लावली होती.

"अगं, परक्या माणसांना बसवलं मी! अन् माझ्या घरची उभीच!"

"पाणी आलं होतं," मी म्हटलं.

हे काहीतरी बोलणार होते. मग त्यांनी भरलेल्या हौदाकडं पाहिलं, एक तांब्या तोंडावर मारला आणि खाटेवर बसले. त्या उत्तरावर आमच्याकडं कुणालाच काही बोलता येत नाही.

चिन्हं मिळाली. ह्यांनी पंखा मागून घेतला, दुकानात पंखे होतेच. माझ्या वाट्याला कपबशी आली. तिथून पुढं घरात आचारसंहिता लागली. प्रचाराचं कार्यालय आमच्याच ओसरीवर, दिवसभर कार्यकर्ते आणि दिवसभर चहा. पहिल्याच दिवशी मी नेहमीसारखा कपबशीतून चहा आणला तर हे ओरडलेच. "उचल ते! माझ्या हापिसात तुझा प्रचार करती व्हय?" त्या दिवसापासून चहा स्टीलच्या पेल्यात. पेला असा तापायचा की कार्यकर्ते पंच्याच्या टोकात धरून फुंकर मारत बसायचे. ह्यांचे एक वयस्कर मामा भाषण ऐकायला म्हणून आले होते, त्यांनी मात्र सरळ सांगितलं, "मला बशी दे. माझं मत पंख्याला, पण चहा बशीतच."

आता लोकांना घोळ कळावा म्हणून मला प्रचाराला बाहेर काढलं. पुढं टेम्पोवर हार घातलेला पंखा, त्यामागं हे आणि ह्यांच्यामागं मी, हात जोडून दारोदार सांगत, "कपबशीला मत देऊ नका हो. चुकून राहिलंय ते. पंख्यालाच द्या." बाया पदर तोंडाला लावून हसायच्या. एकीनं विचारलं, "का वो, कपबशी इतकी वाईट बाई हाय का?" दुसरी म्हणाली, "सगळे मला द्या मला द्या म्हणून जीव खातेत. ही एकटीच नको म्हनती. बिचारी!" मी जितकी नको नको म्हणत होते तितक्या त्या माझ्याकडं टक लावून बघत होत्या. हे पुढं चाललेले, त्यांना मागचं काही दिसत नव्हतं.

मतदानाच्या दिवशी आम्ही दोघं सकाळीच गेलो. यंत्रावर आमची नावं एकाखाली एक. आडनाव एकच, मधे माझ्या नावापुढं ह्यांचं नाव, शेजारी माझी कपबशी. माझं नाव असं छापलेलं मी पूर्वी फक्त लग्नपत्रिकेत पाहिलं होतं. बोट थोडं रेंगाळलं. मग ह्यांचा तो तिकीट नाकारल्यानंतरचा चेहरा आठवला आणि मी पंखा दाबून बाहेर आले. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं, मी मान हलवली. खरोखरच पतिव्रतेसारखं वाटत होतं.

मोजणीच्या दिवशी हे दुपारीच परत आले. पक्षाचा उमेदवार मोठ्या फरकानं निवडून आला होता. हे पडले होते आणि मीही पडले होते. पेल्यातून चहा पुढं केला तर म्हणाले, "आता कपबशीत दे. काय हरकत नाय."

मी घाबरत विचारलं, "माझ्यामुळं पडलात का हो?"

"नाय. तू नसतीस तरी पडलोच असतो." बशीत चहा ओतून हे जरा थांबले. "पण आपल्या बूथवर तू माझ्या पुढं हाईस. लई पुढं."

मला वाईट वाटलं. ह्यांच्यासाठी खरंच वाईट वाटलं, कारण तेवढ्यात फोन वाजला आणि विजयी सभेचा मंडप उद्यापर्यंत बांधून द्यायचं काम ह्यांनाच मिळालं. आणि त्याच वेळी माझ्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. त्या दिसू नयेत म्हणून मी स्वयंपाकघरात जाऊन उगीच डबे पुसत बसले.

दुसऱ्या दिवशी हे मंडप बांधायला गेले आणि दुपारी नळाला पाणी आलं. मी परात बडवली, गल्ली गोळा झाली. सगळ्याजणी माझ्याकडं बघून हसत होत्या. शेवटी टोकाची खाला रिकामी घागर कमरेवर घेऊन आमच्या अंगणात आली. मी पाइप हौदात सोडून उभी होते.

"मैं तो कपबशीच दबाई," ती म्हणाली. "मेरी बहू बी कपबशीच. बोली, जिसके वास्ते घर में पानी आता, उसकोच देना. ये सब बी वोइच दबाए." मग तिनं डोळे मिचकावले. "तुमने क्या दबाया?"

"पंखा," मी म्हटलं.

खाला आधी हसली. मग तिचं हसू ओसरलं. तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

"सारी गली ने तुमको दी," ती हळू आवाजात म्हणाली, "अन् तुमीच अपने को नै दी?"

हौद भरला, काठावरून वाहायला लागला, अंगणात ओघळ गेले तरी मी पाइप काढला नाही. त्या गल्लीत आल्यापासून माझ्या हातून पाणी वाया गेलं ते त्या एका दुपारी.