रॉनचा शनिवारचा गोल

"उंच टाक, मेट, उंच!" कुंपणापलीकडून शेजारी रॉन ओरडत होता; मित्राला 'मेट' म्हणायची तिथली पद्धत. आज ओल्या चामड्याचा वास आला आणि ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंगमधला लॉकडाऊनचा तो शनिवार आठवला.

रॉन पन्नासच्या दशकात इंग्लंडमध्ये फुटबॉल खेळायचा, गोल मारणारा सेंटर-फॉरवर्ड होता. त्याने डोक्याने हेडर मारला की गोलकीपर चेंडूसकट शेजारच्या गावात सापडे, असं तो सांगायचा. मी त्यात आणखी दोन गावं वाढवतो. पण त्याच्या बायकोने, मेरीने, एकही गोल पाहिला नव्हता. सामने शनिवारचे, आणि दर शनिवारी तिला दुकानात शिफ्ट असायची.

त्या दिवशी मात्र ती खिडकीत बसली होती. मी अलीकडूनच त्याचा जुना, पावसात भिजलेला चामडी चेंडू फेकला. नव्वदीला टेकलेल्या रॉनने डोकं लावलं आणि चेंडू वाळत घातलेल्या चादरीत घुसला. धापा टाकत त्याने खिडकीकडे पाहिलं.

"ऑफसाइड होता," मेरी म्हणाली.