रंगावर आवळलेला बोल्ट

मी येईपर्यंत किल्लीला हात लावायचा नाही, असं हिराताईला आदल्या दिवशी फोनवर बजावून ठेवलं होतं. सकाळी वर्सोव्याला पोचलो तर ती टेम्पोला टेकून, कमरेवर हात ठेवून उभी. मासळीचे क्रेट भरून तयार.

“संध्याकाळी माणूस येतोय टेम्पो विकत न्यायला,” ती म्हणाली. “तुला काय बघायचं ते आत्ता बघून घे.”

मरोळला माझं छोटं गॅरेज आहे. हिराताई रोज सकाळी वर्सोव्याहून घाटकोपरच्या बाजारात मासे नेते, टेम्पो स्वतः चालवते. टेम्पो जुना, डिझेलचा. तिचा नवरा जगनभाऊ, बोटीवर जाणारा माणूस, त्याने तिचं न ऐकता तो सेकंडहँड घेतलेला. गेले काही महिने टेम्पो सकाळी उठायला मागत नव्हता. सेल्फ, म्हणजे इंजिनाला पहिला गरका देणारी मोटर, नुसती घर्र... घर्र करायची. मग शेजारच्यांना धक्का मारायला बोलवायचं. ताई बाजारात पोचेपर्यंत तिची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळलेली असायची. आणि रोज नवऱ्याचा उद्धार व्हायचा तो वेगळाच.

दोनदा तिने टेम्पो माझ्याकडे आणला. आधी मी नवी बॅटरी घातली. मग सेल्फ उघडून आतले कार्बन, म्हणजे मोटरला करंट पोचवणारे झिजलेले ठोकळे, बदलले. दोन्ही वेळा गॅरेजात एका झटक्यात चालू. मी खूश. पण वर्सोव्याहून मरोळपर्यंत चालून आलेलं इंजिन गरम असतं, आणि गरम इंजिन फिरवायला ताकद कमी लागते. तक्रार थंड गाडीची होती आणि मी तपासत होतो गरम गाडी. इतक्या वर्षांनी हे मला कोणी सांगायला नको होतं.

म्हणून आज गाडी थंड ठेवायला सांगितली होती. व्होल्ट मोजायचा मीटर बॅटरीला लावला आणि ताईला सेल्फ मारायला सांगितलं. घर्र... घर्र. पण बॅटरीचा आकडा फारसा पडला नाही. म्हणजे बॅटरी ठणठणीत. आता बघा, बॅटरीतून निघालेला करंट जाड केबलने सेल्फकडे जातो आणि गाडीच्या लोखंडातून बॅटरीकडे परत येतो. या परतीच्या वाटेला आम्ही अर्थ म्हणतो. ही वाट तुंबली की बॅटरी कितीही नवी असू दे, सेल्फ रडणारच.

मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसवर ठेवली, दुसरी थेट इंजिनावर. पुन्हा सेल्फ. आकडा जवळजवळ शून्य यायला हवा होता, तो चांगला दोन-तीन व्होल्ट आला. मग मायनसपासून इंजिनापर्यंत एक जंपर केबल जोडली, करंटला परतीची वेगळी वाट करून दिली. किल्ली पुरती फिरायच्या आत टेम्पो चालू.

इंजिन बंद करून खाली शिरलो. इंजिनाकडून येणारी अर्थची पट्टी चेसिसला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, जिथे आवळलेली असते तो बोल्ट खोलला. खाली चकचकीत निळा रंग. बोटीचा.

तेव्हा सगळं आठवलं. नारळी पौर्णिमेच्या आधी टेम्पो क्लच प्लेटसाठी माझ्याकडे होता. गिअरबॉक्स उतरवताना ही पट्टी मीच सोडली होती. जगनभाऊ बोट रंगवून उरलेला डबा घेऊन आला. म्हणाला, खाऱ्या पाण्याने खालून सडतो, मारू का एक हात? बोटीला मारतात तसे जाडजूड हात त्याने मारले. मी कौतुक केलं, आणि रंग सुकल्यावर पट्टी त्याच्यावरच आवळली. रंगातून करंट जात नाही. बोल्टच्या आट्यांतून जेमतेम जात होता.

क्रेट चढवायला थांबलेला जगनभाऊ टेम्पोखाली वाकून बघत होता. “माझाच रंग ना हा?” तो हळूच म्हणाला.

“मग कोणाचा?” ताई सुरू झाली. “ह्या माणसाच्या हातात ब्रश दिला तर उद्या मलापण रंगवेल.”

मी टेम्पोखालीच होतो. खरं सांगतो, तिथेच आणखी थोडा वेळ पडून राहावंसं वाटलं. गप्प राहिलो असतो तरी खोटं बोललो असं झालं नसतं. रंग होताच. जगनभाऊचे पाय मात्र टेम्पोपासून मागे सरकले.

बाहेर आलो. “ताई, पट्टी लावायच्या आधी जागा लोखंड दिसेपर्यंत घासायची असते. ते माझं काम होतं, मी केलं नाही. भाऊचा काही दोष नाही. बॅटरी आणि सेल्फसुद्धा उगाच झाले.”

ती माझ्याकडे वळली. “म्हणजे इतके महिने ह्याला शिव्या घातल्या, त्या तुझ्या होत्या?”

“हो.”

“मग घरी ये एकदा. सगळ्या घेऊन जा.”

पॉलिश पेपरने जागा घासली, पट्टी लावली, वरून ग्रीस फासलं. जंपर केबल काढून सेल्फ मारला. एका दमात चालू. ताईने तिथूनच त्या माणसाला फोन लावला आणि टेम्पो द्यायचा नाही म्हणून सांगितलं. त्याने काहीतरी कुरकुर केली असावी. “नवरा पायजे तर ने,” म्हणाली आणि फोन ठेवला. मग स्वतः बाजूच्या सीटवर सरकली आणि जगनभाऊला म्हणाली, “चल, आज तू चालव.”

बॅटरी आणि सेल्फचे पैसे मी परत केले. आता थंड गाडीची तक्रार आली की गाडी रात्रभर ठेवून घेतो आणि सकाळी सेल्फ मारून बघतो. अर्थची जागा तर स्वतःच्या हाताने घासतो. पाच मिनिटांचं काम आहे. तेव्हाही तेवढंच होतं.