सुनंदाचा कोरा अर्ज

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला अर्धं माहीत आहे. तुम्हाला सगळं सांगते.

इथे लंडनमध्ये, स्टॅनमोरला येण्याआधी आम्ही हाँगकाँगला होतो. जन्म तिथलाच, पासपोर्ट ब्रिटिश — पण ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. हाँगकाँग चीनकडे जाणार हे ठरलं, मग आम्ही कुणाचे? ब्रिटनने मोजक्या कुटुंबांना पूर्ण नागरिकत्व द्यायचं ठरवलं. नोकरी, अनुभव बघून गुण द्यायचे आणि वरचे घ्यायचे. आम्हा भारतीयांच्या समितीने ठराव केला — एकट्याने कुणी अर्ज करायचा नाही, मागायचं ते सगळ्यांसाठी. कुणी भरू नये म्हणून कोरे अर्ज गोळा करायचं काम माझ्याकडे होतं. घरोघरी जाऊन चोख केलं.

आणि आमचा गुपचूप भरला.

इथवर नवऱ्याला माहीत आहे. भीती वाटली, असं म्हणून सुटता आलं असतं. पण —

मुदतीच्या शेवटच्या दिवशी सुनंदाचा फोन आला. माझी शाळेपासूनची मैत्रीण. आमचे नवरे एकाच ऑफिसात, एकाच हुद्द्यावर. तिच्या नवऱ्याची नोकरी चार वर्षं जास्त.

"खरं सांग, तुम्ही भरलात का? हे सारखे मागे लागलेत. आमचा कोरा अर्ज तुझ्याकडेच आहे. अजून दोन तास आहेत."

"वेडी आहेस का? ठरलंय ना आपलं?"

"मग राहू दे. तू नाही, तर मीही नाही."

जागा मोजक्या होत्या. त्यांचे गुण आमच्यापेक्षा जास्त भरतात, हे मी आधीच मांडून पाहिलं होतं. याला भीती म्हणतात का?

आमचे पासपोर्ट आले, कपाटात गेले. पुढे कित्येक वर्षं मी तिच्याच शेजारी बसून निवेदनांवर सह्या घेतल्या. शेवटी तिच्या नवऱ्याचा धीर सुटला. त्यांनी भारताचं नागरिकत्व घेतलं. त्यानंतर काही महिन्यांतच ब्रिटनने बाकीच्यांना नागरिकत्व दिलं — ज्यांना दुसरा कुठलाच देश नव्हता, त्यांना. सुनंदाला आता देश होता. तिला नाही मिळालं. आम्हालाही तेव्हाच मिळालं, असं ती समजते.

ती नाशिकला असते. तिची लेक कामाच्या व्हिसावर इथे जवळच, वॉटफर्डला आली. गेल्या महिन्यात तिची नोकरी गेली. दुसरी लवकर मिळाली नाही, तर परत जावं लागेल.

"त्या इंग्रजांनी तेव्हा फसवलं नसतं, तर पोरीवर ही वेळ आली असती का गं?" सुनंदा फोनवर म्हणाली.

"नाही ना," मी म्हटलं. "रविवारी जेवायला पाठव तिला."

पोरगी आली. पोटभर जेवली. निघताना वाकून नमस्कार केला.

मी करू दिला.