ओळखीतून आणलेली रॅम

आमच्या घरात अनोळखी दुकानातून फारसं काही येत नाही. फ्रिज मामाच्या ओळखीच्या माणसाकडून आला, खिडक्यांच्या जाळ्या मामाच्या ओळखीच्या माणसाने बसवल्या, आईचा चष्मासुद्धा मामाबरोबर बस डेपोत असलेल्या कोणाच्या तरी मेहुण्याकडे होतो. बाबा गेले तेव्हा मी फार लहान होते. तेव्हापासून "दादाला विचारते" हे आईच्या तोंडात बसलं आहे. मामा लालबागला राहतो, आम्ही परळला. बोलावलं की तो चालत येतो, आणि न बोलावताही येतो.

परका माणूस फसवतो आणि ओळखीचा फसवत नाही, असं तो मानतो. त्यामुळे ओळखीतून आलेली वस्तू बिघडली तर आम्ही ती बिघडलेलीच वापरतो. तक्रार केली तर ती मामाच्या ओळखीची तक्रार होईल. फ्रिजचं दार गेली कित्येक वर्षं आम्ही गुडघ्याने लावतो. मामाला कोणी नाही म्हटलेलं मी माझ्या घरात ऐकलेलं नाही.

म्हणून लॅपटॉपची रॅम वाढवायची आहे हे मी घरात बोलणारच नव्हते.

लॅपटॉप गेमिंगचा आहे, जाड आणि काळा. मी तो माझ्या पगारातून ऑनलाइन घेतला होता आणि मामाने तेव्हाच "बरं, घेतलास तर घेतलास" म्हणून विषय संपवला होता. संध्याकाळी मी काही जणांबरोबर खेळते. ते सगळे माइकवर बोलतात, मी टाइप करते. त्यांनी माझा आवाज ऐकलेला नाही आणि ते मला बरं वाटतं. पण गेमचं नवं व्हर्जन आल्यापासून माझा लॅपटॉप अडकायला लागला. मी दारापाशी पोचायचे आणि सगळं जग थांबायचं. पुन्हा हलेपर्यंत मी मेलेली असायचे. त्यांनी माझं नाव पुतळा ठेवलं होतं.

मग मी वाचून काढलं. लॅपटॉपमध्ये रॅमची एकच पट्टी होती आणि तिच्या शेजारची जागा रिकामी होती. तिथे दुसरी पट्टी बसवायची तर ती लॅपटॉपच्या मापाची हवी, शक्यतो पहिलीच्याच वेगाची हवी, आणि मुख्य म्हणजे त्याच पिढीची हवी. पट्टीच्या खालच्या कडेला एक खाच असते. प्रत्येक पिढीत ती थोडी सरकवलेली असते, म्हणजे चुकीची पट्टी कोणी बसवू नये. माझ्या लॅपटॉपला डीडीआर फाइव्ह लागत होती. मी ती शोधली, पुन्हा पुन्हा ताडून पाहिली आणि मागवायच्या यादीत टाकली. तेवढ्यात आई पाठीमागून म्हणाली, "हा कंगवा कसला गं?"

मी तिला सांगितलं. पुढच्या रविवारी मामाकडे जेवायला गेलो तेव्हा तिने ते मामाला सांगितलं.

"हिची मेमरी कमी पडते म्हणे."

"हिची की लॅपटॉपची?" मामा म्हणाला.

"लॅपटॉपची. मी ऑनलाइन मागवतेय," मी म्हटलं.

"ऑनलाइन साबणाची वडी भरून पाठवतात गो. लॅमिंग्टन रोडला माझा माणूस आहे. मी आणतो."

"मामा, त्यात प्रकार असतात."

"मग त्याला माहीत असतील ना. धंदाच तो आहे त्याचा."

मी सोलकढीची वाटी उचलली आणि पीत राहिले. गप्प बसले म्हणजे हो म्हटलं, असं आमच्याकडे धरतात, आणि मला ते माहीत होतं. घरी आल्यावर मी त्याला मेसेज केला. लॅपटॉपचं मॉडेल, पिढी, वेग, सगळं एकेका ओळीत, नीट. त्याने उत्तरादाखल जोडलेले हात आणि गुलाबाचं फूल पाठवलं.

पुढच्या शनिवारी तो आला तो पाकीट घेऊनच. इस्त्रीचा शर्ट घातला होता. हातात शेजाऱ्याकडून आणलेला लहान स्क्रूड्रायव्हरचा डबा होता. "त्याने आतून सीलबंद काढून दिली," त्याने दारातूनच सांगितलं. "चहा पाजला वर."

पाकीट माझ्या हातात आलं आणि वरचं लेबल मी वाचलं. डीडीआर फोर. त्याने अजून चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. बोलायचं असेल तर तीच वेळ होती. पण तो उन्हातून आला होता, खूश होता, आणि आई आत त्याच्यासाठी चहा टाकत होती. मी मनात म्हटलं, ठेवून घेऊ. तो गेला की योग्य पट्टी गुपचूप मागवू. ही कपाटात पडून राहील, कोणाला काही कळणार नाही.

"आण लॅपटॉप," मामा म्हणाला. "आत्ताच बसवून टाकू."

त्याने टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं, चष्मा लावला, लॅपटॉप उलटा केला. काढलेला एकेक स्क्रू तो वाटीत टाकत होता. मागचं झाकण त्याने नखाने कडेकडेने इतकं अलगद सोडवलं की मलाही तसं जमलं नसतं. आतलं सगळं उघडं पडल्यावर तो म्हणाला, "बघ, केवढीशी जागा आणि त्यात सगळं." त्याला मजा वाटत होती. मी बाजूला उभी राहून खिडकीच्या गजाला हात लावत होते, कारण अंगातली वीज उतरावी म्हणून आत हात घालण्याआधी धातूला हात लावावा असं मी वाचलं होतं. माझा हात आत जाणार नव्हता, तरी मी ते करत होते.

पट्टी बसली नाही. त्याने ती काढली, फिरवली, पुन्हा लावली.

"नवीन आहे ना, घट्ट असणार," तो म्हणाला आणि त्याने तिच्यावर अंगठा ठेवला.

"मामा," मी म्हटलं.

"हं."

"मामा, थांब ना जरा."

"होतंय गो, होतंय."

त्याने जोर लावला. कुठेतरी बारीक कट् असा आवाज आला. टेबलाचा असेल, प्लॅस्टिकचा असेल. ती जागा मोडली तर आतला सगळा बोर्ड बदलावा लागतो, हे मला माहीत होतं.

"स्टॉप इट," मी ओरडले. "जस्ट स्टॉप. यू डोन्ट नो व्हॉट यू आर डुइंग."

एवढा मोठा आवाज मी ऑफिसच्या मीटिंगमध्येही कधी काढलेला नाही. तो माझा वाटलाच नाही. शाळेत एखाद्या मुलीला बाकावर उभं करताना आमच्या बाई ज्या आवाजात बोलायच्या, तसा होता. मला राग आला की तो इंग्रजीतच येतो, कारण मराठीत मला मामाला नाही म्हणताच येत नाही. मराठीत मी त्याची भाची असते. इंग्रजीत मी कोणाची कोणीच नसते. आणि त्या इंग्रजी शाळेत माझा प्रवेशही मामानेच कोणाच्या तरी ओळखीने करून दिला होता.

मामाने अंगठा उचलला. त्याला सगळं कळलं होतं. कळू नये असा एकही शब्द त्यात नव्हता. त्याने चष्मा काढून वर्तमानपत्रावर ठेवला.

आई गाळणी हातात घेऊन बाहेर आली. "काय झालं?"

"काय नाय," मामा म्हणाला. "हिला दुसरी लागते वाटतं."

त्याने मला पाठीशी घातलं. त्याने आवाज चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

आई माझ्याकडे बघत उभी राहिली. "नीट सांगता येत नाही?" ती म्हणाली आणि आत गेली.

मग मी नीट सांगितलं. लॅपटॉपमधली जुनी पट्टी काढली आणि दोन्ही पट्ट्या शेजारी शेजारी धरून त्याला खाच दाखवली. त्याने पुन्हा चष्मा लावला.

"हां. सरकलीय." त्याने खाचेवरून नख फिरवलं. "हे तुला पाकीट बघितल्यावरच कळलं असेल."

"हो."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"असं," मामा म्हणाला. "आता छान वाटतंय मला."

आत काही मोडलं नव्हतं. त्याने वाटीतले स्क्रू एकेक करून परत बसवले, चहा अर्धा प्यायला आणि म्हणाला, "चल, बदलून आणू."

बसमध्ये आम्ही शेजारी बसलो. मी त्याला विचारलं की माझा मेसेज दुकानात दाखवला होता का. तो खिडकीतून बाहेर बघत म्हणाला की नाही. ओळखीच्या माणसाला लिहिलेलं दाखवायचं म्हणजे तुझ्यावर माझा भरवसा नाही असं सांगितल्यासारखं होतं. दुकानदाराने विचारलं, कुठला लॅपटॉप, आणि मामाने सांगितलं, काळा, जाडा, चांगल्यातला. हे सांगताना तो जरासा हसला. मीही हसायला हवं होतं.

दुकान एका जिन्याच्या तोंडाशी होतं, एका काउंटरएवढं. मामाचा माणूस आत फोनवर बोलत होता. त्याने मामाकडे बघून मान हलवली आणि बोलत राहिला. काउंटरवर दुसराच कोणी होता.

"सील टूटा है अंकल. वापस नहीं होगा."

"अरे, शेठला विचार. माझी ओळख आहे."

त्याने मागे वळून विचारलं. शेठने फोनवर हात ठेवला आणि म्हणाला, "कौन? अच्छा, वो बसवाले अंकल. देख ले तू."

मामा त्यांची ओळख कशी झाली ते सांगू लागला. शेठचा मोठा भाऊ रोज त्याच्या बसने यायचा, सुट्टे नसले तरी मामा त्याला कधी उतरवायचा नाही, असं काहीतरी. मागे लोक खोळंबले होते. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, आप बोलो."

मी बोलले. इंग्रजीत, हळू आवाजात, मॉडेल, पिढी, वेग, आणि विकताना मॉडेल विचारायची जबाबदारी दुकानाची होती हेसुद्धा. शांतपणे बोलले. तो "शुअर मॅम, शुअर मॅम" करत खोके शोधू लागला. एक स्टूल पुढे आलं. मामाने मला काउंटरपाशी जागा करून दिली आणि तो दाराशी जाऊन टांगलेली मोबाइलची कव्हरं बघत उभा राहिला. स्वतःच्या फोनला तो कधी कव्हर घालत नाही.

घरी मी ओरडले तेव्हा निदान घाबरलेली होते. इथे मला कसलीच घाई नव्हती. आपण काय करतोय हे मला दिसत होतं, ते उपयोगी पडतंय हेही दिसत होतं, आणि मी थांबले नाही.

"गेमिंग के लिए लिया है, मॅम?"

"ऑफिसचं काम असतं तिचं," मामा दारातून म्हणाला.

"हां, ऑफिस का," मी म्हटलं.

घरी आल्यावर मामाने पाकीट माझ्याकडे दिलं आणि हात मागे बांधून उभा राहिला. पट्टी मीच बसवली. तिरकी आत सरकवली, खाली दाबली, दोन्ही बाजूंच्या कड्या आपोआप अडकल्या. जोर लागलाच नाही. लॅपटॉप सुरू केला तर त्याने दोन्ही पट्ट्या दाखवल्या.

"दिली का बदलून?" आईने विचारलं.

"ओळखीत आहे. देणारच," मामा म्हणाला. हे बोलताना त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

"मामाचं नाव सांगितल्याबरोबर दिली," मी म्हटलं. "आम्हाला बसायला स्टूल दिलं. शेठ स्वतः उठून बाहेर आला."

मामा चपला घालायला वाकला होता. तो तसाच वाकून, आईला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, "एवढं नको गो."

संध्याकाळी मी खेळायला बसले. दारापाशी पोचले, दार उघडलं, मी आत गेले, काही थांबलं नाही. हेडफोनमध्ये कोणीतरी म्हणालं, पुतळा हलला. मी हसल्याचं चिन्ह पाठवलं आणि लवकर उठले.

मामा अजूनही येतो. मधे आईचा मिक्सर आवाज करायला लागला. पूर्वी असतं तर त्याने तो तिथेच ओट्यावर उघडला असता. त्याने भांडं हातात घेतलं, खालून बघितलं आणि परत ठेवलं.

"हिला दाखव आधी," तो आईला म्हणाला.

मी म्हटलं, "मला मिक्सरमधलं काही कळत नाही, मामा. तूच बघ ना. तुझ्या ओळखीत असेल कोणी."

"बघू," तो म्हणाला. मिक्सर अजून तसाच आहे. आई हल्ली वाटण कमी करते.