आईचं कागदावरचं वय

हृदयाची झडप बदलावी लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं, तेव्हा आई ऐंशीला टेकली होती. आधार कार्डावर मात्र सहासष्टच. कार्ड काढताना शिबिरातल्या माणसाने जन्मतारीख विचारली होती. आईला ती ठाऊक नव्हती. त्याने तिच्या चेहऱ्याकडे बघून अंदाजाने एक साल टाकून दिलं.

सत्तरीपुढच्या सगळ्यांना सरकारचं मोफत उपचारांचं आयुष्मान कार्ड मिळतं. आम्हाला त्याचाच आधार होता. आईने विश्रांतवाडीत लोकांच्या घरी पोळ्या करून मला वाढवलं, आणि मी शिवणकाम करते. विमा आमच्या घरात कधी आलाच नव्हता.

"आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत, हे मला दिसतंय हो," रुग्णालयातल्या आयुष्मानच्या खिडकीवरचे गृहस्थ म्हणाले. "पण संगणकाला दिसत नाही. जन्माचा पुरावा आणा."

आईपेक्षा आठ वर्षांनी लहान असलेल्या माझ्या मामाला ते कार्ड केव्हाच मिळालं होतं. आईचं अडलंय हे ऐकून तो लोणी काळभोरहून तडक आला.

"आक्का शाळेत जात हुती," तो म्हणाला. "म्हंजे तिथं नोंद असणार."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं त्या शाळेत गेलो. मुख्याध्यापिकाबाईंनी कपाटातून कापडी बांधणीचं जुनं रजिस्टर काढलं. पानं इतकी जीर्ण की त्या पट्टीने उलटत होत्या. तासाभराने आईचं नाव सापडलं. वडिलांचं नाव, गाव, जन्मतारीख, सगळं होतं. बाई मोठ्याने वाचत गेल्या आणि शेवटच्या रकान्यापाशी थांबल्या. मामाने चष्मा लावला आणि स्वतःच वाचलं.

"शाळा सोडण्याचे कारण: लहान भाऊ सांभाळणे."

 उताऱ्यावर सही-शिक्का होईपर्यंत तो व्हरांड्यात जाऊन बसला. आई त्याच्या शेजारी टेकली.

"आक्का, कधी बोलली नाहीस मला."

"काय बोलायचं? तू फार रडायचास. तुला कडेवर घेऊन मी या भिंतीपाशी उभी राहायचे. आत पाढे चाललेले असायचे. दहापर्यंत ऐकूनच पाठ केले. पुढे तू दम काढेनास."

सांगताना ती हसली. मामाला हसू आलं नाही.

त्या उताऱ्यावरून तहसीलमधून जन्माचा दाखला, दाखल्यावरून आधारची दुरुस्ती, असे तीन महिने गेले. मामाने एकही फेरी मला करू दिली नाही. इकडे आई उशा रचून बसल्या-बसल्याच झोपायची. मी अंथरुणातून तिचा श्वास ऐकत पडायचे. कार्ड हातात आलं त्या दिवशी मी शिवणयंत्रावर डोकं टेकून रडले. दुसऱ्या खोलीतून आईने विचारलं, "अगं, मशीन का थांबलं?"

शस्त्रक्रिया झाली. दोन दिवस तिने कुणालाच ओळखलं नाही. तिसऱ्या दिवशी पाणी मागितलं.

घरी सोडलं त्या सकाळी वॉर्डात गर्दी होती. आई पलंगाच्या कडेला बसली. तिला वाकायला मनाई होती. मी पुढे होण्याआधीच मामा फरशीवर बसला आणि तिचा पाय मांडीवर घेऊन चप्पल चढवू लागला.

"अरे, लोक बघतायत."

"बघू दे," तो म्हणाला आणि त्याने दुसरा पाय हातात घेतला.